कुत्र्याच्या फुप्फुसाची ध्वनिपरीक्षा

शेतकऱ्याच्या पशुधनाची मोजदाद करितांना बैल, गाय, म्हैस, शेळी व कोंबडी यांचीं नांवें घेतलीं जातात. कुत्र्याचें नांव बहुधा कोणी घेत नाहीं. तथापि खळ्यावरील धान्य, गोठ्यांतील वासरें व वाड्यांतील शेळ्यामेंढ्या यांची रात्रीची राखण ज्याच्या भरंवशावर चालते, तो प्राणी हाच होय. उसाच्या भागांत ज्यांना रानडुकरें व बिबटे यांचा उपद्रव सोसावा लागतो, त्यांस कुत्र्याची किंमत निराळी सांगावयास नको. असा हा सोबती एखादे दिवशीं धापा टाकूं लागला व अन्नास तोंड लावीनासा झाला, म्हणजे घरांतील माणसें गोंधळून जातात. कोणी त्याच्या घशांत तेल ओततो, कोणी हळदीचें दूध पाजतो, कोणी माणसासाठीं आणलेली गोळी देतो. आणि रोग छातींत आहे कीं पोटांत, छातींत असल्यास तेथें पाणी सांचलें आहे कीं हवा शिरली आहे, हें कळण्यापूर्वींच जनावर हातचें जातें.

अशा वेळीं छातीच्या आंत काय चाललें आहे हें थोड्या मिनिटांत दाखविणारें एक साधन आतां पशुवैद्यांच्या हातीं आलें आहे. गाईम्हशींची गाभणतपासणी ज्या सोनोग्राफीच्या यंत्रानें करितात, त्याच जातीचें हें यंत्र होय. त्याचें तत्त्व काय, त्यानें काय कळतें व काय कळत नाहीं, आणि कुत्रा धापा टाकूं लागल्यास मालकानें काय करावें व काय करूं नये, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

छाती तपासण्याच्या जुन्या रीती

छातीच्या आंत डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं, म्हणून वैद्यांनीं प्रथम कानाचा आश्रय केला. ऑस्ट्रियांतील औएनब्रुगर या वैद्यानें छातीवर बोटांनीं ठोकून, निघणाऱ्या आवाजावरून आंतील स्थिति ओळखण्याची रीत १७६१ सालीं प्रसिद्ध केली. हा गृहस्थ एका खाणावळवाल्याचा मुलगा होता. धान्याची कणगी किंवा तेलाचा डबा वाजवून तो भरला आहे कीं रिकामा आहे, हें आपल्याकडील बायकामुलेंही ओळखतात. त्यांतलाच हा प्रकार. पुढें १८१६ सालीं फ्रान्समधील लाएनेक यानें कागदाची सुरळी रोग्याच्या छातीस लावून ऐकण्यास आरंभ केला व त्यांतूनच स्टेथोस्कोप निर्माण झाला. १८९५ सालीं राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञास क्ष-किरणांचा शोध लागला आणि कान सोडून डोळ्यांचा उपयोग होऊं लागला.

हीं सर्व साधनें आजही उपयोगाचीं आहेत. परंतु कुत्र्याच्या बाबतींत प्रत्येकाची अडचण आहे. धापा टाकणारा, गुरगुरणारा किंवा भयानें थरथरणारा कुत्रा स्टेथोस्कोपानें ऐकूं गेल्यास त्याच्या घशांतील घरघर इतकी मोठी असते कीं, फुप्फुसांतील बारीक आवाज तिच्याखालीं बुडून जातात. क्ष-किरणांचें चित्र काढावयाचें तर जनावर कुशीवर अगर पाठीवर निजवून क्षणभर स्थिर धरावें लागतें. ज्याला उभ्यानेंच श्वास पुरत नाहीं, त्याला असें दाबून धरिलें असतां तो टेबलावरच प्राण सोडण्याचा संभव असतो. शिवाय एक्स-रेचें यंत्र बहुधा मोठ्या गांवींच असतें. सोनोग्राफीचें लहान यंत्र मात्र हातांत धरून गोठ्यापर्यंत नेतां येतें व कुत्रा उभा असतांनाच काम भागतें.

ध्वनि आणि हवा

विहिरीच्या कांठीं उभें राहून हांक मारली असतां ती भिंतीवर आपटून परत येते. वटवाघूळ अंधारांत उडतांना याच तत्त्वावर चालतें. तें बारीक चीत्कार करितें व परत आलेल्या प्रतिध्वनीवरून झाड कोठें व किडा कोठें हें ओळखतें. सोनोग्राफीचें यंत्र तेंच करितें. मनुष्याच्या कानास दर सेकंदास सुमारें २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. कुत्र्याचा कान याहून तीक्ष्ण असून त्यास सुमारें ४५ हजारांपर्यंत ऐकूं येतें. यंत्राचा ध्वनि दर सेकंदास ५० ते ८० लाख कंपनांचा असतो. म्हणून तो माणसास किंवा कुत्र्यास, कोणासही ऐकूं येत नाहीं. यंत्राचा जो भाग अंगास टेंकवितात, त्यास प्रोब म्हणतात. तो ध्वनि सोडतो व परत येणारा प्रतिध्वनि झेलतो. आणि प्रतिध्वनि येण्यास लागलेल्या वेळावरून खोली मोजून यंत्र पडद्यावर चित्र उमटवितें.

मांस, रक्त व यकृत यांतून हा ध्वनि दर सेकंदास सुमारें १,५४० मीटर वेगानें जातो. हवेंत त्याचा वेग सुमारें ३४० मीटरच असतो, व हवा मांसाच्या मानानें अत्यंत विरळ असते. त्यामुळें मांसांतून हवेच्या सीमेपाशीं आलेला ध्वनि जवळजवळ सर्वच माघारी फिरतो. पोट तपासतांना केंसांवर ओला लेप लावितात तो याचसाठीं. केंसांतील हवा निघून गेली नाहीं तर कांहींच दिसत नाहीं.

फुप्फुस म्हणजे तर हवेनें भरलेल्या सूक्ष्म पिशव्यांचा स्पंजच होय. म्हणून पुष्कळ वर्षें असा समज होता कीं, फुप्फुसाची सोनोग्राफी करणें म्हणजे भिंतीपलीकडील वस्तु पाहूं जाणें आहे. परंतु नीरोगी फुप्फुसांतून ध्वनि परत फिरतो, ही अडचण नसून तीच खूण आहे, हें पुढें ध्यानांत आलें. हवेच्या जागीं पाणी, रक्त किंवा पू आला कीं प्रतिध्वनीचें रूप बदलतें, आणि तो बदलच रोगाची साक्ष देतो.

हें ज्ञान जनावरापासून माणसाकडे व माणसापासून पुन्हां जनावराकडे आलें, ही गोष्ट शेतकऱ्यांस कौतुकाची वाटेल. छातींत हवा शिरली म्हणजे फुप्फुसाची नेहमींची सरक पडद्यावर दिसेनाशी होते, असें १९८६ सालीं रँटानेन या अमेरिकन पशुवैद्यानें घोड्याच्या बाबतींत लिहिलें. त्यानंतर पॅरिस येथील डॉ. लिश्टेनस्टाइन यांनीं अत्यवस्थ मनुष्यांत ही सरक कशी ओळखावी हें १९९५ सालीं, व फुप्फुसांतील ओलाव्याची खूण १९९७ सालीं प्रसिद्ध केली. आणि २००८ सालीं श्वासाच्या विकारांसाठीं परीक्षेचा एक निश्चित क्रम बांधून दिला. त्याच २००८ सालीं अमेरिकेंतील पशुवैद्य डॉ. लिशांड्रो व त्यांचे सहकारी यांनीं अपघातांत सांपडलेल्या १४५ कुत्र्यांची छाती या रीतीनें तपासल्याचा वृत्तांत दिला. पुढें २०१४ सालीं त्यांनीं कुत्र्याच्या फुप्फुसाचे ठराविक भाग पाडून तपासण्याची पद्धति मांडली. त्या वेळीं एक्स-रेमध्यें निर्दोष ठरलेलीं ९८ कुत्र्यांचीं फुप्फुसें पाहिलीं असतां बहुतेकांत ओलाव्याची खूण मुळींच आढळली नाहीं. नीरोगी फुप्फुस कसें दिसतें हें आधीं ठरल्यामुळें रोगी फुप्फुस ओळखण्यास आधार मिळाला.

परीक्षा कशी करितात

कुत्रा उभा, बसलेला किंवा छातीवर टेंकून पडलेला, त्यास जसें सोसेल तसा राहूं देतात. केंस भादरण्याची बहुधा गरज पडत नाहीं. केंस बाजूस सारून कातड्यावर थोडें स्पिरिट किंवा लेप लावितात. प्रोब दोन बरगड्यांमधील जागेंत टेंकवून प्रत्येक कुशीवर चार ठिकाणीं पाहतात: पहिलें पाठीकडे मागल्या बाजूस, दुसरें त्याच्या पुढें फुप्फुसाच्या मुळापाशीं, तिसरें खालीं हृदयाच्या शेजारीं, आणि चौथें पुढल्या पायाच्या बगलेकडे. अशीं दोहों कुशींचीं मिळून आठ ठिकाणें झालीं. सराव असलेल्या हातास एवढ्या कामाला थोडींच मिनिटें पुरतात, व कुत्रा घाबरल्यास मध्येंच थांबतांही येतें.

पडद्यावर प्रथम दोन बरगड्या दोन उंचवट्यांसारख्या दिसतात व त्यांच्या मध्यें एक पांढरी ठळक रेघ दिसते. मगर पाण्यांत बुडून केवळ डोळे व नाक वर काढून पाहते, तसें हें चित्र असल्यामुळें पशुवैद्य त्यास मगरीचीच उपमा देतात. बरगड्या हे डोळे, व मधली रेघ ही फुप्फुसाची बाहेरील कड. जनावर श्वास घेईल तशी ही रेघ मागेंपुढें सरकते. दोन ओल्या कांचा एकमेकींवर घासाव्या तशी तिची चाल असते.

खुणांचा अर्थ

पहिली खूण कोरड्या फुप्फुसाची. रेघ नीट सरकत आहे व तिच्याखालीं सारख्या अंतरावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या फिकट रेषा दिसत आहेत, असें असलें म्हणजे त्या ठिकाणीं फुप्फुसाच्या कडेशीं हवाच आहे, पाणी नाहीं. या आडव्या रेषांस ए-रेषा म्हणतात.

दुसरी खूण ओल्या फुप्फुसाची. रेघेपासून निघून पडद्याच्या तळापर्यंत बॅटरीच्या झोतासारख्या उभ्या पांढऱ्या रेषा उतरतात व श्वासाबरोबर हालतात. या बी-रेषा होत. फुप्फुसाच्या कडेशीं हवेंत पाणी, रक्त अगर पू मिसळल्याची ती निशाणी आहे. एका ठिकाणीं एखादी रेषा दिसल्यास घाबरण्याचें कारण नसतें; तीनांहून अधिक दिसल्यास रोग मानावा लागतो; आणि त्या मोजतां येऊं नयेत इतक्या मिसळून सर्व पडदा पांढरा झाल्यास स्थिति कठीण समजावी.

तिसरी खूण घट्ट झालेल्या फुप्फुसाची. हवा अजीबात निघून गेलेला भाग पडद्यावर काळजाच्या तुकड्यासारखा दिसतो. न्यूमोनियांत असें होतें. चौथी खूण काळसर वाटोळ्या गांठींची. अर्बुद फुप्फुसांत पसरलें असतां अशा गांठी दिसतात. म्हाताऱ्या कुत्रीच्या आंचळाच्या गांठी छातींत उतरल्यासही त्या आढळतात.

पांचवी खूण सरक थांबल्याची. रानडुकराचा सुळा लागून, बिबट्याचा दांत रुतून किंवा मोटारीचा धक्का बसून छातींत हवा शिरली, म्हणजे फुप्फुस बरगड्यांपासून सुटतें व रेघ सरकेनाशी होते. येथें सुईनें हवा काढून घेतल्यास जनावर वांचूं शकतें; औषधांत वेळ दवडल्यास दगावतें. सहावी खूण म्हणजे फुप्फुस व बरगड्या यांमध्यें काळा पट्टा दिसणें. तेथें पाणी किंवा रक्त सांचलेलें असतें.

रोग कोणत्या जागीं आहे यालाही महत्त्व आहे. हृदय दुर्बळ झाल्यामुळें फुप्फुसांत पाणी उतरलें असेल तर बी-रेषा बहुधा दोहों कुशींवर, मुळापाशीं व पाठीच्या बाजूस दिसतात. अन्न किंवा औषध श्वासनळींत जाऊन न्यूमोनिया झाला असेल तर खालचा पुढील व मधला भाग, विशेषतः उजवीकडील, घट्ट झालेला आढळतो. मार लागला असेल तर माराच्या जागींच ओलावा दिसतो.

हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नव्हे. हृदयविकाराच्या कुत्र्यास लघवीवाटे पाणी काढून टाकणारें औषध द्यावें लागतें. न्यूमोनियाच्या कुत्र्यास जंतुनाशक औषध व शुश्रूषा लागते. अशक्त दिसला म्हणून हृदयविकाराच्या कुत्र्यास सलाईन लाविलें, तर आधींच पाण्यानें भरलेल्या फुप्फुसांत आणखी भर पडते. दोन्ही कुत्रे बाहेरून सारखेच धापा टाकतात. चुकीचा उपचार व योग्य उपचार यांमधील अंतर येथें प्राणाएवढें आहे.

उंदरांच्या विषाची विशेष सूचना

शेतकऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें एक कारण आम्ही स्वतंत्रपणें सांगतों. उंदीर मारण्यासाठीं ब्रोमाडिओलोनचें आमिष शेतांत व कोठारांत ठेवितात. हें विष शरीरांतील के जीवनसत्त्वाचें कार्य बंद पाडतें व त्यामुळें रक्त गोठेनासें होतें. कुत्र्यानें आमिष खाल्लें, किंवा विष खाल्लेले उंदीर वरचेवर खाल्ले, तरी तो त्याच दिवशीं आजारी पडत नाहीं. तीन ते पांच दिवस तो चांगला दिसतो व मग एकाएकीं गळून जातो, हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते. पुष्कळदां बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाहीं, कारण रक्तस्राव छातीच्या पोकळींत किंवा फुप्फुसांतच होत असतो. मधल्या दिवसांमुळें मालकास आमिषाची आठवणही राहत नाहीं. अशा वेळीं सोनोग्राफींत काळा पट्टा अगर ओलें फुप्फुस दिसलें कीं पशुवैद्याचा संशय रक्तस्रावाकडे वळतो, आणि रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हें पाहून खात्री करितां येते. यावर के-१ जीवनसत्त्व हा नेमका उपाय आहे. मात्र विष अंगांत दीर्घकाळ राहत असल्यामुळें तें कित्येक आठवडे द्यावें लागतें. कुत्रा हिंडूं फिरूं लागला म्हणून औषध मध्येंच सोडल्यास रक्तस्राव पुन्हां सुरू होतो.

यंत्राची मर्यादा

कोणत्याही नव्या साधनाची स्तुति ऐकतांना त्याचें उणें काय हें विचारावें, हा शेतकऱ्याचा शहाणपणा येथेंही उपयोगी आहे. यंत्रास फुप्फुसाची कड दिसते, गाभा दिसत नाहीं. रोग खोल असून त्याच्याभोंवतीं हवा असेल तर सोनोग्राफी निर्मळ दिसेल व रोग तसाच राहील. दुसरें असें कीं, बी-रेषा ओलावा सांगतात, ओलावा कशाचा तें सांगत नाहींत. पाणी, रक्त, पू किंवा जुना व्रण, सर्वांचें रूप बरेंचसें सारखें असतें. म्हणून रोगाची हकीकत, ताप, हृदयाचा आवाज व रोगाची जागा हीं सर्व जुळवून निर्णय करावा लागतो. कातड्याखालीं हवा शिरली असल्यास कांहींच दिसत नाहीं, व फार लठ्ठ कुत्र्यांत चित्र अस्पष्ट येतें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पाहणाऱ्याचा सराव. यंत्र विकत मिळतें, नजर विकत मिळत नाहीं. धाप कमी होऊन जनावर सावरल्यावर एक्स-रे काढण्याची गरज पुष्कळदां राहतेच.

एक लाभ मात्र निःसंशय आहे. ही परीक्षा वारंवार करितां येते. सकाळीं मोजलेल्या बी-रेषा संध्याकाळीं पुन्हां मोजून उपचार लागू पडतो कीं नाहीं हें ठरवितां येतें, व त्यांत क्ष-किरणांचा संसर्ग नसतो.

वासरांस उपयोग

ही विद्या कुत्र्यापुरतीच नाहीं. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथील डॉ. ऑलिव्हेट व कॅनडांतील डॉ. बुचिन्स्की यांनीं वासरांच्या न्यूमोनियाची परीक्षा गोठ्यांतच कशी करावी याचें विवेचन २०१६ सालीं केलें. गाभणतपासणीस वापरतात तोच प्रोब केंसांवर स्पिरिट लावून वासराच्या बरगड्यांवर फिरवितां येतो. खोकला किंवा ताप दिसण्यापूर्वींच कित्येक वासरांचें फुप्फुस घट्ट झालेलें असतें, हें या परीक्षेंत उघड होतें. अशीं वासरें पुढें खुरटतात व मालक चाऱ्यास दोष देत बसतो. जेथें दूधसंघानें किंवा दवाखान्यानें गाभणतपासणीचें यंत्र घेतलें आहे, तेथें नवा खर्च न करितां केवळ शिक्षणानें हा दुसरा उपयोग करून घेतां येण्यासारखा आहे. सभासदांनीं आपल्या पशुवैद्यांपाशीं ही गोष्ट अवश्य काढावी.

मालकाचें कर्तव्य

यंत्र पशुवैद्याच्या हातीं असलें तरी पहिली परीक्षा मालकाच्या हातीं आहे. कुत्रा स्वस्थ निजला असतां त्याची छाती एका मिनिटांत किती वेळां वर येते हें घड्याळ लावून मोजावें. नीरोगी कुत्र्यांत हा आंकडा बहुधा तीसच्या आंत असतो. झोंपेंतही तो पुनःपुन्हां तीसच्या वर जात असेल, तर बाहेरून दुसरें कांहीं दिसत नसलें तरी छाती दाखवावी. कुत्रा कोंपरें बाहेर काढून, मान ताणून बसतो व आडवा होत नाहीं, अगर हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसतात, तर एक तासही थांबूं नये.

अशा कुत्र्याच्या घशांत तेल, दूध, काढा अगर पाणी ओतूं नये. ज्याला श्वास पुरत नाहीं त्याला नीट गिळतां येत नाहीं. ओतलेला पदार्थ श्वासनळींत जातो व नसलेला न्यूमोनिया उत्पन्न होतो. नळीनें औषध पाजतांना गुरांमध्यें जें होतें तेंच येथें होतें. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊं नयेत. त्यांतील आयबुप्रोफेनसारख्या कित्येक कुत्र्यास विषारी आहेत. तोंड बांधूं नये, कुशीवर दाबून धरूं नये, गळपट्टा सैल करावा व उन्हाच्या आंत किंवा सायंकाळीं, हवा खेळेल अशा वाहनांतून न्यावें. पण स्थिति कठीण असेल तर ऊन उतरण्याची वाट पाहूं नये. आमिषाचें पाकीट किंवा फवाऱ्याच्या औषधाची बाटली सांपडल्यास बरोबर न्यावी. लाळ गळत असून कुत्र्यास गिळतां येत नसेल, तर पिसाळल्याचाही संशय धरावा व त्याच्या तोंडांत हात घालूं नये.

पशुवैद्याकडे गेल्यावर आजार कधीं सुरू झाला, काय खाल्लें, मार लागला काय, आणि मिनिटास किती श्वास मोजले, हें नेमकें सांगावें. यंत्र छातीची आजची स्थिति दाखवितें. कालची व परवांची हकीकत मालकासच ठाऊक असते. या दोहोंची सांगड पडली म्हणजेच उपचाराची दिशा ठरते, आणि घरीं वायां जाणारे तास कुत्र्याच्या पदरीं पडतात.